वस्तीतली बाग सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत जागा कमी आणि हौस दांडगी. सोसायटीचं आवार, चाळीमागची पट्टी, शाळेची गच्ची, रस्त्याकडेची चार झाडं, महापालिकेच्या उद्यानातला एखादा कोपरा. अशा ठिकाणी पगार न घेता राबणाऱ्यांना शिकवताना जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेक बागा त्याच ठिकाणी मार खातात.

झाड लावायला प्रशिक्षण कशाला? लावलं की येतंच ना?

पावसाळ्यात येतं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जुलैत लावलेलं रोप दिवाळीपर्यंत आपसूक वाढतं. नंतर त्याच्याकडे कोण बघतं, हा खरा प्रश्न आहे. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा वृक्षारोपणाचा असतो. फोटो निघतात, पाट्या लागतात. त्यातली किती रोपं पुढच्या उन्हाळ्यात उभी होती, हे विचारायला क्वचितच कुणी परत येतं. आम्ही प्रशिक्षण देतो ते त्या उन्हाळ्यासाठी. खड्डा कसा खणायचा हे एका सकाळी शिकवून होतं, झाड तीन वर्षं जगवायचं कसं याला वेळ लागतो.

अशा प्रशिक्षणाची कल्पना आली कुठून?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९७३ साली ‘मास्टर गार्डनर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. घरच्या बागेविषयी विचारणाऱ्यांची गर्दी तिथल्या कृषी विस्तार अधिकाऱ्यांना आवरेना, म्हणून त्यांनी नागरिकांनाच शिकवलं आणि बदल्यात त्यांच्याकडून ठरावीक तास लोकांच्या शंका सोडवून घेतल्या. शिकायचं आणि ते वस्तीला परत द्यायचं, हा सौदा आम्हाला पटला.

पण आपल्याकडेही मोठी शिदोरी आहे. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. ज्याने करून पाहिलं त्याने दुसऱ्याला सांगायचं, अशी त्याची रीत. मुंबईत डॉ. रमेश दोशींनी वांद्र्याला गच्चीवर उसाच्या चिपाडात भाजी पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली. जागा नाही, माती नाही, ही सबब या माणसांनी कधीच मोडीत काढली आहे.

वर्ग कधी सुरू करावा? जूनमध्ये ना?

नाही. जानेवारी-फेब्रुवारीत. जूनमध्ये सुरू केलेल्या वर्गाला गर्दी होते, पण ती पावसाच्या उत्साहाची असते. फेब्रुवारीत येणारा माणूस आधी पानगळ बघतो, मग कोरडी माती, मग एप्रिल-मेचं ऊन, आणि या काळात फक्त पाणी घालणं, आच्छादन करणं, कंपोस्ट हलवणं एवढीच कामं करतो. जो यात टिकला, त्याने जूनमध्ये रोप हातात घ्यावं.

प्रत्यक्षात काय शिकवतात?

आधी बघायला शिकवतात. पहिल्या दिवशी बहुतेक जण विचारतात, ‘रोज किती पाणी घालायचं?’ याला आकड्यात उत्तर नाही. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. गार आणि ओलसर लागली, माती बोटाला चिकटली, तर झारी खाली ठेवा. कोरडी भुरभुर लागली तर घाला. वरची माती पांढरी पडलेली असते आणि आत चिखल असतो, हे बोट घातल्याशिवाय कळत नाही. कुंडीतली झाडं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त पाण्याने कुजून मरतात.

मग नर्सरीतून आणलेलं रोप पिशवीतून सोडवायला शिकवतात. काळी पिशवी ब्लेडने उभी चिरा, खेचू नका. मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ती बोटांनी हलके सुटी करा, फारच घट्ट असतील तर तीन-चार ठिकाणी उभा काप द्या. तशीच लावलीत तर ती वर्षानुवर्षं गोलच फिरतात आणि झाड मोठं झाल्यावर एखाद्या वादळी रात्री आडवं होतं. रोपाचा बुंधा जिथे मुळांना मिळतो ती जागा जमिनीच्या पातळीवर हवी. खोल पुरलेलं रोप पहिली दोन वर्षं बरं दिसतं आणि मग हळूहळू खंगतं.

यापुढे माती, खत, पाणी, कीड, छाटणी, कायदा आणि माणसं. शेवटचा विषय सगळ्यात अवघड.

आमच्या आवारात माती कमी आणि डेब्रिज जास्त आहे. काय करावं?

बहुतेक आवारांत हेच असतं. इमारत बांधताना उरलेल्या विटा, सिमेंट आणि लाद्यांच्या तुकड्यांवर चार इंच लाल माती टाकलेली असते. एक फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर तिथे निचरा नाही, झाड लावू नका. तिथे वाफा उंच उचला किंवा केळ, कर्दळ, अळू अशी ओल सोसणारी झाडं घ्या.

ट्रकने मिळणारी लाल माती एकटी वापरली तर वाळून ढेकूळ होते. एक भाग लाल माती, एक भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा शेणखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुजलेला पाला, हे मिश्रण कुंड्यांना पुरेसं आहे. वर मूठभर निंबोळी पेंड.

कंपोस्टला वास येतो म्हणून शेजारी भांडतात. कसं थांबवायचं?

शेजाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. नीट चाललेल्या कंपोस्टला दुर्गंधी येत नाही. कुजका वास आला म्हणजे आत हवा नाही. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला म्हणजे ओला कचरा जास्त झाला. दोन्हीवर उपाय एकच : सुका पाला मिसळा आणि ढीग वरखाली करा. ओल्याच्या निदान बरोबरीने सुकं हवं, पावसाळ्यात त्याहून जास्त.

आणि इथेच मुंबईची अडचण येते. सुका पाला मिळतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, लागतो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून पानगळीत गोण्या भरून ठेवा. सोसायटीचा झाडूवाला तो पाला एरवी गोळा करून फेकतो, काही ठिकाणी पेटवतो. पाला जाळायला बंदी आहे, हे कमिटीला लेखी कळवा आणि गोण्या जिन्याखाली कोरड्या ठेवायला जागा मागा. ज्या गटाकडे पावसाळ्याच्या तोंडावर पाल्याच्या गोण्या आहेत, त्याचं कंपोस्ट पाऊसभर बिनबोभाट चालतं.

विरजण म्हणून आंबट ताक किंवा जुन्या कंपोस्टचं घमेलंभर खत पुरतं. ढीग आठवड्यातून दोनदा हलवा. मध्यात हात धरवणार नाही इतकी ऊब आली की काम सुरू आहे असं समजा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, बहुतेक वेळा त्या कचरा खाणाऱ्याच असतात, वर सुक्या पाल्याचा थर द्या. साधारण दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. साल, देठ ओळखू येत नाहीत, ढीग थंड आहे आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आहे, की चाळा. गणपतीतलं निर्माल्यही चालतं, पण हारांचे दोरे, चमकी आणि प्लास्टिक आधी वेचून काढावं लागतं. हे काम मुलांना आवडतं.

गच्चीवर वाफे करता येतील का?

आधी वजनाचा हिशोब करा. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी साधारण दर चौरस मीटरला १५० किलो भार धरतात. एक चौरस मीटर जागेत फूटभर जाडीची ओली माती घातली तर तिचं वजन ५०० किलोच्या आसपास जातं. म्हणजे वाफा करायचाच असेल तर माती हलकी आणि थर उथळ हवा, आणि जड कुंड्या खालच्या तुळया-खांबांच्या वर किंवा कठड्यालगत ठेवायला हव्यात. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर तिचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायलाच हवा. त्या इंजिनिअरला बागेबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वॉटरप्रूफिंग नीट नसेल तर गच्चीवर बाग नकोच. वरच्या मजल्यावरच्या घरात ओल आली की बाग बंद पडते आणि माणसं कायमची दुखावतात.

पाणीकपातीत बाग कशी जगवायची?

पिण्याच्या पाण्याचा पाईप झाडांना लावणं आम्ही शिकवत नाही. या शहराला पाणी शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या तलावांतूनही येतं, आणि तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. विहीर किंवा बोअर असेल तर ते पाणी वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी उत्तम. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मुंबईत भरपूर मिळतं आणि त्यात क्षार जवळजवळ नसतात, बादली लावा. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र क्षारांनी जड असतं. ते कुंड्यांना रोज घालू नका, पावसाळ्याआधी माती पांढरी पडलेली दिसेल.

जमिनीतल्या नव्या झाडाला रोज तांब्याभर पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बादलीभर द्या. वरवर शिंपलं की मुळंही वरच राहतात. बुंध्याभोवती आळं करा, त्यात तीन-चार इंच पाल्याचं आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका, वीतभर जागा सोडा. फक्त आच्छादनाने पाण्याच्या निम्म्या कटकटी मिटतात.

बागेमुळे डास होतात, असं कमिटी म्हणते.

झाडांमुळे होत नाहीत, साचलेल्या पाण्यामुळे होतात. कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, नारळाची करवंटी, कापलेल्या बांबूचा पोकळ खुंट, उलटं न ठेवलेलं घमेलं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतू नका, ताटली घासा. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. महापालिकेचा कीटकनाशक विभाग तपासणीला येतो आणि नोटीस देतो, ती सोसायटीच्या नावाने निघते. त्यामुळे हे काम यादीत पहिलं ठेवा आणि कोणी केलं त्याची सही घ्या.

झाडाची फांदी खिडकीत येते. स्वयंसेवक तोडू शकतात का?

नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. झाड खासगी आवारात असलं तरीही. फांद्या छाटायच्या तरी आधी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे अर्ज करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे. परवानगी मिळाल्यावरही उंचावरचं काम प्रशिक्षित माणसांचंच. पावसाळ्याआधी अर्जांची रांग लागते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच द्या. झाड पडलं किंवा फांदी लोंबकळली तर १९१६ वर फोन करा.

स्वयंसेवकांनी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवायची ती जास्वंद, मोगरा, अनंत यांच्यावर. मोगऱ्याची छाटणी डिसेंबर-जानेवारीत केली की उन्हाळ्यात ओंजळी भरतात.

फुटपाथवरच्या झाडांसाठी काय करता येईल?

खूप काही, आणि तेही कुदळ न उचलता. बुंध्याला घट्ट बसलेलं काँक्रीट दिसलं तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसला तक्रार द्या. झाडाभोवती निदान मीटरभर जमीन मोकळी हवी. जुन्या ट्री गार्डची तार सालीत रुतलेली असते, ती वेळीच सोडवली नाही तर झाड स्वतःच्याच वाढीने गळफास लावून घेतं. खिळे, बॅनरचे दोर, दिवाळीच्या माळांच्या वायरी यांची नोंद करा. खिळा काढताना तो सरळ मागे ओढा, हेलकावे देऊ नका, आणि महापालिकेचं झाड असेल तर आधी उद्यान सहायकाला कळवा. २०१८ साली जाहीर झालेल्या गणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं होती. प्रत्येकाला स्वतंत्र माळी मिळणार नाही, पण प्रत्येक गल्लीत चार डोळे मिळू शकतात.

कोणती झाडं लावावीत?

अरुंद जागेत बकुळ, सीता अशोक, बहावा. ऐसपैस जागा असेल तर तामण, करंज, कडुनिंब. समुद्राजवळ, खाऱ्या वाऱ्यात उंडी, भेंड, करंज, नारळ टिकतात. तामण महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, हे माहीत असूनही सोसायट्या बाहेरून आणलेल्या पामच्या रांगा लावतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडातला. जे उभे आहेत त्यांना हात लावू नका, त्यांची सावली मोलाची आहे. नवीन लावताना मात्र इथलंच लावा. वड-पिंपळ भिंतीशेजारी नको, मैदानाच्या कडेला खुशाल लावा.

फवारणी शिकवता का?

शिकवतो, पण उशिरा. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यावर पाण्याचा जोरदार फवारा आणि जुना टूथब्रश पुष्कळदा पुरतो. नाहीच आटोपलं तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. मुलं खेळतात तिथे रासायनिक कीटकनाशक आम्ही वापरत नाही.

लिंबाच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, नंतर हिरव्या होणाऱ्या अळ्या सापडल्या तर थांबा. ती फुलपाखराची पिल्लं आहेत. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. दहा-वीस पानं गेल्याने लिंबाचं काही बिघडत नाही.

साप, उंदीर, लेप्टोची भीती वाटते.

काळजी जरूर घ्या. पाल्याच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. साप दिसला तर लांब व्हा, मारू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. पावसाळ्यात पायाला किंवा हाताला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात आणि चिखलात काम नको. उंदरांच्या मूत्रातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, पसरतो. गमबूट आणि हातमोजे घाला. घाण पाण्यातून जावंच लागलं तर लगेच डॉक्टरांना किंवा महापालिकेच्या दवाखान्यात सांगा, ताप येण्याची वाट पाहू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं.

आमच्याकडे माळी येतो. स्वयंसेवक आले की त्याचं काम जाईल का?

जाता कामा नये, आणि हे पहिल्याच बैठकीत कमिटीकडून वदवून घ्या. स्वयंसेवक मिळाले म्हणून माळीदादांचा पगार वाचवणाऱ्या सोसायटीला आम्ही प्रशिक्षण देत नाही. उलट वर्गाची पहिली सकाळ त्यांच्याबरोबर घालवा. कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, कुठलं झाड दरवर्षी मान टाकतं, पाईप कुठून गळतो, हे त्यांना तोंडपाठ असतं, फक्त आजवर कुणी विचारलेलं नसतं. त्यांच्या हत्यारांना न विचारता हात लावू नका. जमलं तर त्यांनाही वर्गाला बसवा, त्या तासांचे पैसे देऊन.

वय, वेळ, अनुभव याची अट आहे का?

नाही. आठवड्याला दोन-तीन तास द्यावे लागतात. वाकता येत नसेल अशा आजी-आजोबांकडे रोपवाटिका आणि नोंदवही द्या, त्यांच्याइतकी चोख नोंद कुणी ठेवत नाही. मुलांसोबत मोठं माणूस हवंच.

प्रमाणपत्र मिळतं का? नोकरीला उपयोग होईल?

आमच्यासारखे गट हजेरीचा कागद देतात, त्याला नोकरीच्या बाजारात वजन नाही. व्यवसाय म्हणून करायचं असेल तर भारतीय कृषी कौशल्य परिषदेचा माळीकामाचा अभ्यासक्रम पाहा, किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे शिक्षणक्रम.

सुरुवातीला वीस जण येतात, नंतर दोनच उरतात. काय चुकतं?

सगळ्यांना सगळी बाग दिली की ती कुणाचीच राहत नाही. कामं वाटू नका, झाडं वाटा. ‘गेटजवळचा बहावा सावंतकाकूंचा’ असं ठरलं की काकू बाजारातून येतानाही त्याच्याकडे बघतात.

दुसरं कारण खास आपलं आहे. मे महिन्यात निम्मी मुंबई गावाला जाते, आणि झाडांना सगळ्यात जास्त पाणी तेव्हाच लागतं. कोकण रेल्वेची तिकिटं काढली की त्याच आठवड्यात गटाला तारखा कळवायच्या, असा नियम करा. कोण कधी नाही हे मार्चमध्ये कळलं तर मेची पाळी लावता येते. गावाला न जाणाऱ्यांवर सगळा भार टाकू नका, वॉचमनला त्या महिन्याचे वेगळे पैसे द्या. गावाहून येताना प्रत्येकाने बिया आणाव्यात, करंज, सुरंगी, उंडी, जे मिळेल ते.

मुंबईत बघून शिकण्यासारखं कुठे आहे?

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासूनची आहे. प्राण्यांच्या गर्दीत लोक तिथली झाडं बघायची विसरतात. महापालिकेचं झाडाफुलांचं वार्षिक प्रदर्शन जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तिथेच भरतं. धारावी-माहीमच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर आवर्जून बघा. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत, आज मिठी नदीकाठी ३७ एकरांवर झाडी आहे. १९९४ साली ते खुलं झालं. डेब्रिजवर काही उगवत नाही म्हणणाऱ्या सेक्रेटरींना आम्ही तिथे घेऊन जातो. वनस्पती ओळखायला शिकायचं असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे वर्ग आहेत.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

पूर्ण बाह्यांचे जुने कपडे, बंद चपला किंवा बूट, टोपी, पाण्याची बाटली आणि वही. खुरपं, सिकेटर एवढ्यात विकत घेऊ नका. पहिले काही आठवडे गटाची हत्यारं वापरा, कुठलं हाताला बसतं ते कळलं की मग दुकानात जाऊन हातात धरून घ्या. ऑनलाइन मागवलेली खुरपी बहुतेकदा पहिल्याच दगडाला वाकतात.